बाळंतिणीच्या खोलीतली गोचीड

आमच्या डोंबिवलीच्या घराविषयी लिहायचं तर सुरुवात आईच्या फडक्यांपासून करायला हवी. ओट्याचं फडकं वेगळं, टेबलाचं वेगळं, देवघराचं वेगळं, आणि कपाटांवरची धूळ पुसायचं आणखी वेगळं. एकाची दुसऱ्याशी गाठ पडली की दोन्ही उकळत्या पाण्यात. पहाटे नळ आला की आईचा दिवस बादल्यांच्या खडखडाटाने सुरू व्हायचा, आणि आम्ही दोघी बहिणी डोळे चोळत उठेपर्यंत तिची फरशी पुसूनही झालेली असायची. ओल्या फरशीवर पाऊल टाकायची आम्हाला मनाई होती, त्यामुळे सकाळचा पहिला अर्धा तास आम्ही पलंगावरच अडकून पडायचो. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, तुमच्या घरी जमिनीवर पान मांडून जेवावं. आईला हे वाक्य कुठल्याही दागिन्यापेक्षा प्रिय होतं. ती वर वर "छे हो" म्हणायची आणि संध्याकाळी अण्णांना आवर्जून सांगायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी नोकरीत होते. स्वभाव सुपारीचं खांड तोंडात धरून बसलेल्या माणसासारखा: बोलायची वेळ आली की गाल हलवायचे. त्यांचा एकच छंद. आंघोळीआधी गॅलरीत मूठभर ज्वारी टाकायची आणि कबुतरं टिपताना बघत उभं राहायचं. आईच्या राज्यात हा उपद्व्याप कसा चालत होता असं वाटेल, पण कबुतर हा आईच्या लेखी सोवळा पक्षी होता. मासे खात नाही, किडे खात नाही, दाण्यावर जगतो. कावळ्याला ती हुसकावायची, कोंबडी म्हटलं की नाक मुरडायची. कबुतरांची घाण मात्र ती रोज बिनतक्रार खरवडून काढायची. मागच्या खोलीच्या वेंटिलेटरमध्ये त्यांनी घरटं केलं होतं. काच कधीच फुटून गेली होती, आणि त्या चौकटीत काड्या, पिसं, वाळलेली विष्ठा यांचा वर्षानुवर्षांचा थर साचला होता. दिवसभर तिथून घुमण्याचा आवाज यायचा. मी त्या आवाजात अभ्यास करायला शिकले. आजही कुठे कबुतर घुमलं की मला रसायनशास्त्र आठवतं, आणि त्यामागोमाग दुसरं जे आठवतं ते आठवू नये असं वाटतं.

माझी मोठी बहीण सुनंदा, आमची ताई, ठाण्याला एका ऑफिसात कामाला होती. तिथल्याच हेमंतरावांशी तिने लग्न केलं. हेमंतराव चेंदणीच्या कोळीवाड्यातले. शिकलेले, शांत, अण्णांपेक्षाही कमी बोलणारे. आईने आदळआपट केली नाही, पण लग्नानंतर ती चेंदणीला जाईल तेव्हा तिचा हटकून उपास असायचा. महिन्यात इतके उपास येतात हे मला तेव्हाच कळलं. ताईच्या सासूबाई, जनाबाई, मोठ्या आवाजाच्या, रुंद हाडाच्या बाई होत्या. आईच्या उपासाला त्या कधी खोटं म्हणाल्या नाहीत. केळी आणून ठेवायच्या. आई एक केळं खायची आणि परतताना माझ्या कानात म्हणायची, "अंगणात कोंबड्या मोकळ्या फिरतात गं. पदर कुठे टेकवावा हेच कळत नाही."

म्हणून ताईला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, हे रीतीने तर होतंच, पण आईच्या तोंडी त्याला दुसरंही एक कारण होतं. ते ती ताईसमोरच बोलायची: "तिथे नको बाई. इथे कसं सगळं स्वच्छ." ताई ऐकून घ्यायची. बाळंतपणाची तयारी म्हणून आईने मागची खोली रिकामी केली, आणि अण्णांच्या कबुतरांवर पहिल्यांदाच गदा आली. बाळाच्या खोलीत पिसं नकोत. पण वेंटिलेटरमध्ये तेव्हा दोन पिल्लं होती, आणि गर्भारशीच्या घरी घरटं मोडू नये, म्हणून आई थांबली. रोज स्टुलावर चढून बघायची, पंख फुटले का. पिल्लं उडाली त्या दिवशी तिने त्यांच्या नावाने हात जोडले, घरटं सुपात भरून खाली टाकायला लावलं, चौकट फिनेलने धुतली आणि सुताराकडून तिथे प्लायवूडची फळी ठोकून घेतली. गॅलरीला जाळी लागली. कबुतरं काही दिवस जाळीवर येऊन आपटत राहिली, मग येईनाशी झाली. अण्णा ज्वारीची मूठ घेऊन उभे राहायचे आणि ती परत डब्यात टाकायचे.

मुलगा झाला. घर बाळंतशेपांच्या, ओव्याच्या धुरीच्या, डिंक तळल्याच्या वासाने भरून गेलं. सकाळी तेल लावायला बाई यायची, मग शेगडीचा शेक, मग अळिवाची खीर, मग ताईची डुलकी. दुपारी लंगोटांची दोरी घरभर. आई ताईच्या खोलीतच झोपायची आणि मी बाहेर. मला ते दिवस अतिशय सुखाचे वाटत होते हेही लिहून ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं त्याने ते सगळे नासले.

जनाबाई बाळाला बघायला आल्या त्या टेम्पो घेऊनच. टेम्पोत पाळणा. हेमंतरावांच्या आजोबांनी जुन्या होडीच्या सागवानातून स्वतः केलेला, वर लाकडी पोपट टांगलेले, त्यांचा रंग कित्येक पोरांनी चाटून नेलेला. "आमचे घरानची समदी पोरा यातच वाढली," त्या म्हणाल्या. सोबत डब्यात मुशी माशाचं कालवण होतं, बाळंतिणीला दूध यावं म्हणून. आईने पाळण्याचं तोंडभर कौतुक केलं, जनाबाई जिना उतरल्यावर डबा कामवालीला देऊन टाकला, आणि पाळणा गच्चीवर नेऊन उकळत्या पाण्याने धुतला. ताईला मुशीचा वास लागला होता. तिने विचारलं, "माझ्यासाठी आणलं होतं ना?" आई म्हणाली, "तुला आता ते पचायचं नाही." ताई भिंतीकडे तोंड करून झोपली. बारसं सव्वा महिन्याने करायचं ठरलं होतं, त्याआधी बाळाला पाळण्यात घालायचं नाही, म्हणून तो नुसताच खोलीच्या कोपऱ्यात उभा होता.

डाग पहिल्यांदा तेल लावणाऱ्या बाईला दिसले. बाळाच्या दंडावर, मांडीवर. लाल, गोल, मध्ये टाचणी टोचल्यासारखा गडद ठिपका. डासांचे नव्हेत, डास असले गाठ उठवणारे डाग ठेवत नाहीत. बाळ रडायचं ते कळवळून. ताईच्या हातांवरही तसेच उठले होते आणि ती ते कितीतरी दिवस घामोळं म्हणून खाजवत होती. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, "घरात ढेकूण वगैरे आहेत का बघा." आमच्या घरात ढेकूण! आईचा चेहरा मी पाहिला. कुणी चारचौघांत तिच्या थोबाडीत मारली असती तरी तो इतका पडला नसता. घरी आली ती सरळ खोलीत गेली आणि पाळण्याकडे बोट करून म्हणाली, "हा. कोंबड्यांच्या घरातला."

ताई म्हणाली, "आई, बाळ त्यात एकदाही झोपलेलं नाहीये."

"किड्यांना पाय असतात," आई म्हणाली.

त्या दुपारी पाळण्यावर रॉकेल ओतलं गेलं, भेगाभेगांत. एकही ढेकूण निघाला नाही, पण तेवढ्याने आईचं समाधान होणार नव्हतं. पाळणा परत पाठवायचं ठरलं, आणि ते काम अण्णांवर आलं. सोबतीला मी. ताईने जाताना अण्णांना एवढंच विचारलं, "काय सांगणार तुम्ही त्यांना?" अण्णा माजिवड्यापर्यंत टेम्पोत त्याचाच विचार करत बसले होते. मधूनमधून ओठ हलायचे. शेवटी जनाबाईंच्या दारात पाळणा उतरवल्यावर ते म्हणाले, "खोली लहान पडते हो. बारशाच्या वेळी बघू."

जनाबाई पाळण्याजवळ आल्या. रॉकेलचा वास आम्हालाच इतका येत होता तर त्यांना आला नसेल कसा! त्यांनी लाकडावरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णा जमिनीकडे बघत होते. मीही. माझे कान इतके तापले होते की आता विचाराल तर मला जनाबाईंची साडी कुठल्या रंगाची होती तेही सांगता येणार नाही, फक्त त्यांची पावलं आठवतात. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी डोकावली. "काय गो, पालना परत का आनला?"

"पॉलिश कराला आनलाय," जनाबाई म्हणाल्या. "बारशाला चांगला दिसाला नको?" मग आमच्याकडे वळून, "बसा. चाय घेतल्याबिगर जायाचा नाय. पोर बरा हाय ना?"

अण्णांनी तो चहा बशीत ओतून एका दमात संपवला. परतताना ते रडतील की काय अशी मला भीती वाटली. पण ते फक्त म्हणाले, "आईला सांगू नकोस हे." हे म्हणजे कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पाळणा गेला आणि डाग थांबले नाहीत. रोज सकाळी नवे. आम्ही सगळे ते बघत होतो. आई धुरी वाढवत होती, गाद्या उन्हात टाकत होती, डास म्हणत होती. तिच्या स्वतःच्या मानेवरही दोन उठले होते. ती पदर घट्ट लपेटून हिंडायची. एका सकाळी ताईने बाळाचा पाय उचलून तिच्यासमोर धरला. घोट्याजवळ ताजा डाग होता.

"पाळणा तर गेला ना, आई?"

आई मोरीत गेली आणि नळ मोठा सोडला.

त्याच दिवशी दुपारी गोधडी झटकताना भिंतीच्या बाजूला मला तो प्राणी सापडला. कलिंगडाच्या बीएवढा, तसाच लांबटगोल, पण फुगून निळसर काळा झालेला. वरून डोकं दिसत नव्हतं. आई बघून म्हणाली, "गोचीड! म्हणजे कोंबड्यांचीच. पाळण्यातून उतरली असणार." तिच्या आवाजात सुटका होती. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात सुटका झाली. औषधाच्या रिकाम्या बाटलीत तो घालून मी कॉलेजात नेला, तेव्हा वाटेत मी देवाला काय मागत होते? की ही कोंबडीचीच निघू दे. ताईचं सासर घाणेरडं ठरू दे, पण आमचं घर नको. अकरावीत शिकणारी, स्वतःला फार पुढारलेली समजणारी मी.

आम्हाला जीवशास्त्र शिकवणाऱ्या प्रधानबाईंनी बाटली उजेडात धरली. "मऊ गोचीड," त्या म्हणाल्या. "कोंबड्यांवर असते, कबुतरांवर असते. नक्की कुठली ते मला असं बघून नाही सांगता येणार. घरात कोंबड्या आहेत?"

"नाही."

"कबुतरांचं घरटं?"

"आमच्याकडे नाही. म्हणजे, होतं. आता काढलं."

"कधी काढलं?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता त्यांनीच मान हलवली. मग त्यांनी मला पुढे बसवून सगळं सांगितलं. अंड्यातून निघते ती सहा पायांची अळी. ती काही दिवस पक्ष्याच्या अंगाला चिकटून राहते. कात टाकली की आठ पाय येतात, आणि त्यानंतर तिचा मुक्काम पक्ष्यावर नसतो, भिंतीत असतो. दिवसभर भेगेत दडायचं, अंधार पडला की बाहेर यायचं, अर्ध्या तासात पोट भरायचं आणि परत भेगेत. थोडी वाढ, पुन्हा कात, पुन्हा जेवण. मादी एकेका जेवणानंतर थोडी थोडी अंडी घालते, तीही भेगेतच. "घरटं काढलं तरी त्या तिथेच असतात," बाई म्हणाल्या. "पक्षी होते तोवर तुम्हाला पत्ताही नव्हता, कारण त्यांचं चाललं होतं. पक्षी हाकलले की त्या थांबतात. उपाशी थांबायला त्यांना वर्षं चालतात. पण जवळ दुसरं ऊब असलेलं अंग मिळालं, तर कशाला थांबतील?"

पुढे मीही हाच विषय शिकवला, याच गावात, कितीतरी वर्षं. गोचिडीचा जीवनक्रम आला की मी तो धडा भरभर उरकायची. मुलं म्हणत, बाईंना किळस येते. किळस नव्हती ती. त्या आकृतीतली भेग मला आमच्या भिंतीतली दिसायची, आणि तिच्याखाली दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

घरी येऊन मी सांगितलं. आईने ऐकलं आणि म्हणाली, "शक्य नाही. फिनेलने धुतलं होतं मी." अण्णा स्टूल घेऊन खोलीत गेले. ताईने बाळाला उचललं आणि दारात उभी राहिली. फळी निघाली. चौकटीच्या आणि भिंतीच्या मधली फट, प्लॅस्टरचा सुटलेला पापुद्रा, खिळ्यांची जुनी भोकं: सगळी भरलेली. एकीला एक लागून, काही सपाट, काही फुगलेल्या, त्यांच्या टाकलेल्या कातींचा कोंडा, आणि त्याच्यात अजून अडकलेलं एक करडं पीस. उजेड पडल्यावर त्या हळूहळू सरकायला लागल्या. ताईचं अंथरूण बरोबर त्याखाली होतं. आईनेच घातलं होतं तिथे, वारा लागू नये म्हणून.

आई खाली बसली, फरशीवर. तिला रडताना मी फारसं पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडली नाही. तिने फक्त दोन्ही तळहात पालथे करून पाहिले. मला तिची दया यायला हवी होती. मला तिची लाज वाटली. आणि तशी लाज वाटली याचीही. ताई शेजारी गेली, त्यांच्या फोनवरून हेमंतरावांना बोलवून घेतलं, आणि संध्याकाळच्या आत बाळाला घेऊन चेंदणीला निघाली. अर्धं बाळंतपण टाकून लेक माहेराहून गेली. जिन्यात बायकांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "हेमंतरावांना बाळाशिवाय करमत नाही हो." तिच्या तोंडून ते ऐकताना मला जनाबाईंचं पॉलिश आठवलं, आणि अण्णांनाही आठवलं असावं. ते खाली बघत बॅगा उतरवत होते.

मग औषधं मारणारे आले, प्लॅस्टर खरवडलं, भेगा सिमेंटने बुजवल्या, रंग दिला. आई त्या खोलीत मात्र झोपेना. आणि बारसं चेंदणीलाच ठरलं. आमंत्रण द्यायला जनाबाई स्वतः आल्या, हळदीकुंकू लावून गेल्या. पाळण्याचं, गोचिडीचं नाव नाही. आईला वाटलं, ताईने त्यांना काही सांगितलंच नसेल. मला ती आशा दिसत होती आणि ती दिसणं सहन होत नव्हतं.

बारशाला कोळीवाड्यातल्या बायकांनी खोली भरून गेली होती. अंबाड्यांत अबोलीचे गजरे, गळ्यांत सोन्याची भरगच्च गाठली, आणि सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. मध्ये पाळणा. खरोखरच पॉलिश केलेला. जनाबाईंनी आपलं बोलणं खोटं पडू नये म्हणून लाकूड घासून, पोपटांना नवा हिरवा रंग देऊन तो लखलखवला होता. जनाबाईंच्या शेजारच्या त्याच म्हातारीने आईला ऐकवलं, "बघ गो बाय, तुमचे मुलीचे पोरासाठी कसा चमकवलाय."

आई एका बाजूला, जनाबाई दुसऱ्या बाजूला. बाळाला पाळण्यावरून आणि खालून एकमेकींच्या हातात द्यायचं होतं. जनाबाईंनी बाळ पुढे केलं. आईने हात पुढे केले नाहीत. आईचा आवाज अगदी घोगरा निघाला, पण सगळ्यांना ऐकू येईल इतका.

"विहीणबाई, हा पाळणा मी परत पाठवला होता. तुमच्या घरचे किडे म्हणून. ते किडे माझ्या भिंतीतले होते."

मला वाटलं, पायाखालची जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं. अण्णा दाराबाहेर पुरुषांत बसले होते, त्यांची मान खाली गेलेली मला खिडकीतून दिसली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. जनाबाईंचा हात हलला नाही. बाळ तसंच दोघींच्या मध्ये धरलेलं.

"हलू बोला, विहीनबाय," त्या म्हणाल्या. "पोर निजलाय. घ्या त्याला."

आईने घेतलं. नाव ठेवलं गेलं, घुगऱ्या वाटल्या गेल्या, बायकांचा गलका पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी आईने चेंदणीला भात खाल्ला, तोही सगळ्यांच्या पंगतीला बसून. कुणी तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही, आणि मुद्दाम टाळलंही नाही. जनाबाई वाढताना तिच्या पानाशी दोनदा थांबल्या. मी मनाशी म्हणाले, चला, निभावलं. मी फार लवकर म्हणाले.

निघायच्या आधी आई आतल्या खोलीत ताईकडे गेली. ताई बाळाला पाजून उठत होती. मी दारातच उभी राहिले. आईने बाळाच्या दंडावरचा फिका पडलेला डाग बोटाने चाचपला आणि अजिजीने, मी तिला आयुष्यात कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "सुनंदा, आता चल ना थोडे दिवस. भेगा बुजवल्यात. सगळ्या खोलीला रंग दिलाय. अगदी स्वच्छ केलंय गं घर."

ताईने बाळाला खांद्यावर घेतलं आणि त्याला ढेकर येईपर्यंत पाठीवर थोपटत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "आई, घर तेव्हाही स्वच्छच होतं."